परवडणारा देश

दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस पुण्याच्या टपाल कचेऱ्यांतून एक निराळीच लगबग अलीकडे पाहावयास मिळते. चकल्या, शंकरपाळे, चिरोटे डब्यांत घट्ट बंद होतात, डबे पुठ्ठ्याच्या खोक्यांत बसतात आणि खोकी समुद्रापलीकडे रवाना होतात. एके काळी या खोक्यांवरचे पत्ते ठरलेले असत. अमेरिका, इंग्लंड, फार तर कॅनडा. आता त्यांत जर्मनी आहे, पोर्तुगाल आहे, जॉर्जिया आहे, मलेशिया आहे. नातवाने हाच देश का निवडला, असे एखाद्या आजीला विचारावे तर ती चकलीचा सोऱ्या खाली न ठेवताच उत्तर देते, "तिथे म्हणे स्वस्ताई आहे."

आजीचे हे उत्तर मला नवे वाटते. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या त्या तेथे स्त्रीला वैद्यक शिकता येत होते म्हणून. पुढच्या पिढ्या गेल्या त्या कोणी विद्येसाठी, कोणी मानासाठी, आणि बहुतेक सगळे सरळ सरळ अधिक पैसे मिळविण्यासाठी. परदेश म्हणजे जेथे मिळकत मोठी असा देश, ही आपली व्याख्या होती. परंतु जेथे खर्च लहान असा देश शोधून तेथे राहावयास जाणे, ही गोष्ट आपल्या मध्यमवर्गाला सुचली ती अगदी अलीकडे. पगार देणारा एका देशात, काम करणारा दुसऱ्या देशात आणि दोघांमध्ये फक्त एक तार, अशी सोय झाल्यावर ती सुचणे स्वाभाविकच होते.

मराठीतले 'परवडणे' हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. भाजीवालीपाशी ते निव्वळ पैशाचे असते. "दहाला नाही परवडत, ताई." पण घरात येताच त्याचा अर्थ पालटतो. "असल्या श्रीमंतीपेक्षा आपली भाकरी परवडली," असे कोणी म्हणते तेव्हा भाकरीचा दर त्याच्या मनात नसतो. दोन गोष्टी तराजूत घालून, आपल्या जिवाला कोणती झेपेल याचा निर्णय त्याने दिलेला असतो. तेव्हा 'परवडणारा देश कोणता?' हा प्रश्न मराठी माणसाने मराठीत विचारला की त्याची अर्धी बाजू खिशाकडे जाते आणि अर्धी मनाकडे. पहिल्या अर्ध्याची उत्तरे देणारे पुष्कळ आहेत. दुसऱ्या अर्ध्याकडे थोडे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुळशी तालुक्यात नेरे नावाचे एक गाव आहे. हिंजवडी ओलांडून पुढे गेले की मारुंजीच्या अंगाने ते लागते. त्याच्या पलीकडे कासारसाईचे धरण. मावळ-मुळशीतल्या इतर गावांसारखे हेही मूळचे भाताचे गाव. आषाढात खाचरे भरून वाहावीत, चिखलात गुडघाभर उतरून बायांनी आवण लावावे आणि दिवाळीच्या सुमारास आंबेमोहोराचा किंवा इंद्रायणीचा वास शिवारभर पसरावा, असा इकडचा वर्षाचा क्रम. विसाव्या शतकाच्या अखेरीस हिंजवडीला संगणकाच्या कंपन्यांची वसाहत उभी राहिली आणि हा क्रम मोडला. बाणेर-औंधला घर घेणे ज्यांच्या आवाक्याबाहेर होते त्यांची नजर हिंजवडीवर गेली. हिंजवडी महागल्यावर ती मारुंजीवर आणि नेऱ्यावर आली. खाचरांच्या शेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. लातूर, नागपूर, सोलापूर, त्याही पलीकडे बिहार आणि आंध्र येथून आलेल्या तरुण जोडप्यांनी तेथे घरे घेतली. का, असे विचारले तर त्या सर्वांचे उत्तर आजीच्या उत्तराहून निराळे नव्हते. इथे स्वस्त होते.

अशाच एका इमारतीत माझे एक स्नेही राहतात. गाव सोलापूर जिल्ह्यातले. नोकरी संपल्यावर मुलाकडे राहावयास आलेले. गेल्या पावसाळ्यात मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मुलाने संगणकावर एक तक्ता मांडला होता. डावीकडे देशांची नावे, वर रकाने. घरभाडे, किराणा, डॉक्टर, शाळा, परवाना मिळण्याची सोय, पुण्याला येण्याचे विमानभाडे. मुलगा पस्तिशीच्या आतला, हुशार आणि मनाचा चांगला. तो म्हणाला, "बाबा, इथे मी घराच्या हप्त्यासाठी जगतो आहे. तिथे तेवढ्याच कामात अर्धे पैसे उरतील. वर्षातून दोनदा येईन, तुम्हांलाही नेईन." वडिलांनी चष्मा वर करून तक्ता शेवटपर्यंत वाचला आणि शांतपणे विचारले, "यात आम्ही कुठल्या रकान्यात आहो रे?" मुलगा हसला, तेही हसले. पण चहा होईपर्यंत कोणी बोलले नाही.

त्या प्रश्नात वडिलांचे दुःख होते हे खरे. पण तो निव्वळ दुःखाचा उद्गार नव्हता. तक्त्यात काय मावते आणि काय मावत नाही, असा तो प्रश्न होता. म्हणून आधी तक्त्यात जे मावते त्याचाच विचार करू. एखादा देश स्वस्त असतो म्हणजे काय असतो?

अर्थशास्त्रज्ञांनी याचा कसून शोध घेतला आहे. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघ आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ यांनी मिळून निरनिराळ्या देशांतील किमतींची तुलना सुरू केली. ते काम आज जागतिक बँक चालवते. २०१७ च्या मोजणीप्रमाणे बाजारात एका डॉलरला सुमारे ६५ रुपये पडत असताना, अमेरिकेत एका डॉलरला जितके जिन्नस आणि जितकी कामे मिळत तितकी भारतात २० रुपये ६५ पैशांत मिळत होती. म्हणजे बाहेरून येणाऱ्याला आपला देश तिपटीने स्वस्त. आता यातली गंमत पाहा. पेट्रोल इथे स्वस्त नाही. विमानाचे तिकीट, मोबाइल फोन, सोने, यांतले काहीच स्वस्त नाही. जी वस्तू जहाजात भरून सीमेपार नेता येते तिची किंमत जगभर साधारण एका पातळीवर येऊ पाहते. स्वस्त असते ते जे नेता येत नाही ते. केस कापणे, कपड्यांना इस्त्री करणे, स्वयंपाक, धुणी-भांडी, रिक्षा, घरभाडे. बेला बालासा आणि पॉल सॅम्युएलसन या दोघांनी १९६४ साली, स्वतंत्रपणे, याचे कारण मांडले. न्यूयॉर्कचा न्हावी आणि नेऱ्याचा न्हावी यांच्या हातांच्या कसबात फारसे अंतर नसते; पण न्यूयॉर्कच्या कारखान्यात एका तासात जी कमाई होते ती मोठी असते, तेथील न्हाव्यालाही मग तिच्या मानाने मजुरी द्यावी लागते, नाही तर तो कारखान्यात जाईल. नेऱ्याच्या न्हाव्याला ती वाट नाही. म्हणून त्याची कात्री स्वस्त.

सारांश असा की, 'हा देश स्वस्त आहे' हे वाक्य फोडून पाहिले तर त्याच्या आत 'येथील माणसांचा वेळ स्वस्त आहे' हे वाक्य निघते. निदान बहुतेक ठिकाणी निघते. हे कोणाचे पाप आहे असे मी म्हणत नाही. ही एक वस्तुस्थिती आहे; ती तक्त्याच्या रकान्यात आकडा म्हणून येते तेव्हा तिचा चेहरा दिसत नाही, इतकेच.

सगळी स्वस्ताई एकाच जातीची नसते, हेही सांगितले पाहिजे. जर्मनीचे उदाहरण घ्या. पुण्यात जर्मन शिकणाऱ्या मुलामुलींची आज केवढी गर्दी असते! तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांताने २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला दीड हजार युरो आकारावयास सुरुवात केली आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ मध्ये तीच वाट धरली. तरी अमेरिकेच्या मानाने ती रक्कम किरकोळच. विद्यार्थ्याने वर्षाच्या खर्चाची रक्कम बँकेत आगाऊ दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली. एखादी नेऱ्याची मुलगी तेथे अभियांत्रिकी शिकते तेव्हा तिच्या प्राध्यापकाचा पगार जर्मन करदाता भरत असतो. ही स्वस्ताई कोणाच्या तरी औदार्याची आहे. ते औदार्य अगदी निर्हेतुक नसेल, त्या देशाला तरुण हात हवे असतील. पण त्यात कोणाची मजुरी दाबलेली नाही.

तिसरी स्वस्ताई धोक्याची. येथील खासगी वैद्यकीय महाविद्यालयांची फी झेपत नाही म्हणून हजारो भारतीय मुले युक्रेनमध्ये डॉक्टर होण्यास गेली होती. २०२२ च्या फेब्रुवारीत युद्ध सुरू झाले आणि तळघरांत लपलेल्या त्या मुलांना परत आणण्यासाठी सरकारला 'ऑपरेशन गंगा' हाती घ्यावे लागले. त्या आईबापांना दोष देण्याचा कोणालाही अधिकार नाही. त्यांनी जे परवडत होते ते निवडले. पण स्वस्तात मिळणाऱ्या वस्तूची उरलेली किंमत कधी कधी कोठे लिहिलेली असते, हे त्या दिवसांत साऱ्या महाराष्ट्राने दूरदर्शनवर पाहिले.

तेव्हा औदार्याची, धोक्याची आणि गरिबीची अशा तीन स्वस्ताया झाल्या. पहिलीपुढे कृतज्ञता हवी, दुसरीपुढे सावधगिरी. अवघड आहे ती तिसरी.

येथे घाईने नीती सांगू लागणारे लोक भेटतात. दुसऱ्याच्या गरिबीवर मजा मारणे वाईट, असे ते म्हणतात. पण त्यांना कोणी उलट विचारील: परका माणूस गावात राहावयास आला, त्याने घर भाड्याने घेतले, खाणावळीत जेवला, न्हाव्याला चार पैसे अधिक दिले, यात कोणाचे काय गेले? घरमालक खूष, खाणावळवाली खूष. न्हाव्याची मजुरी त्याने कमी केलेली नाही. उलट थोडी वाढविलीच. हा युक्तिवाद पोकळ नाही. आणि ज्याने साऱ्या आयुष्याच्या बचतीवर म्हातारपण काढावयाचे आहे, त्याने महागड्या शहरात उपाशी मरावे असे कोणती नीती सांगेल? माणसाने पोटासाठी गाव बदलणे हे तर महाराष्ट्राच्या रक्तातच आहे. कोकणातला चाकरमानी मुंबईला गेला नसता तर कोकणात चूल पेटली नसती.

हे सर्व मान्य करूनही एक गोष्ट उरते. व्यवहार विकणारा आणि घेणारा यांच्यात पुरा होतो. पण गाव म्हणजे एकटा विकणारा नव्हे. भाडे मालकाला मिळते. वाढलेले भाडे मात्र तो देतो, जो त्या व्यवहाराच्या वेळी हजरच नव्हता. पोर्तुगालने २०१२ मध्ये पैसे गुंतविणाऱ्या परक्यांसाठी वास्तव्याचे दार उघडले आणि इतरही अनेक सवलती दिल्या. लिस्बन शहर स्वस्त म्हणून जगभर गाजले. २०२३ साली त्याच शहराच्या रस्त्यांवर हजारो लोक उतरले. आम्हांला आमच्या शहरात राहावयास घर मिळत नाही, असे ते सांगत होते. त्याच वर्षी घर विकत घेऊन वास्तव्य मिळविण्याची वाट सरकारने बंद केली. मलेशियाने २००२ मध्ये 'माझे दुसरे घर' या नावाची योजना काढून परक्या पेन्शनरांना बोलावले आणि २०२१ मध्ये तिच्या अटी एकाएकी फार कडक केल्या. मेक्सिको शहरात २०२५ च्या जुलै महिन्यात डॉलरवाल्या भाडेकरूंविरुद्ध मोर्चे निघाले, काही दुकानांच्या काचा फुटल्या. काचा फोडणे समर्थनीय नाही. पण ज्याचे बिऱ्हाड आजोबांच्या गल्लीतून उठले त्याला अर्थशास्त्र कोणी समजावून सांगावे?

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. माझ्या स्नेह्यांच्या इमारतीखाली एक बाई भाजी विकते. ती नेऱ्याचीच. घरची जमीन फार लवकर, अगदी पहिल्या भावात विकली गेली. पैसे घर बांधण्यात, लग्नात आणि एका गाडीत गेले. तिच्या लेकीला लग्नानंतर गावातच दोन खोल्या भाड्याने हव्या होत्या, त्या मिळेनात. "या लोकांस्नी आमचं गाव परवडलं," ती मेथीची जुडी बांधता बांधता म्हणाली, "आम्हांलाच आता आमचं गाव परवडंना." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिची मेथी घेणारी माणसे त्याच इमारतीतली होती आणि ते तिला नीट ठाऊक होते.

मुळशी तालुक्याला या हिशेबाची ओळख जुनी आहे. एकशे चार-पाच वर्षांपूर्वी याच तालुक्यात, नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ, टाटांच्या वीजकंपनीने धरण बांधावयास घेतले. वीज मुंबईला हवी होती; पाणी आणि जमीन मुळशीत स्वस्त होती. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्याचे नेते झाले आणि 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा झाली. १९२४ च्या अखेरीपर्यंत तो लढा मावळला आणि धरण झाले. त्या इतिहासातली एक बाब मला विशेष बोलकी वाटते. ज्यांच्या नावावर जमिनी होत्या अशा पुण्याच्या सावकारांपैकी अनेकांनी भरपाई पत्करली. त्यांचा व्यवहार पुरा झाला. त्या जमिनी कसणारी कुळे मात्र त्या व्यवहारात कोठेच नव्हती. बुडाले ते त्यांचे अंगण. किंमत पुरी मिळाली आणि तरीही देणे राहिले, असे घडू शकते. मुळशीत ते घडले.

आणि आपण स्वतः स्वस्त होतो तेव्हा काय झाले, तेही आठवावे. इंग्रजांच्या राज्यात गुलामगिरी कायद्याने बंद होताच मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना हात कमी पडू लागले. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे नेले गेले. त्यांत आपल्या रत्नागिरीकडचे मराठी लोकही होते. पोर्ट लुई बंदरातील ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत तो 'आप्रवासी घाट' २००६ मध्ये जागतिक वारसा ठरला. मळेवाल्यांच्याही जवळ एक तक्ता असला पाहिजे. कोणत्या मुलखातला माणूस कितीला पडतो, असा तो तक्ता. त्यात आपले पणजोबा एका रकान्यात होते. आज आपले पणतू तक्ता मांडणाऱ्याच्या खुर्चीत बसले आहेत, याचा आनंद मानावा. पण रकान्यात बसण्याचा अनुभव विसरू नये.

मग करावे काय? घरीच बसावे? नेऱ्यातल्या त्या मुलाला मी काय सांगावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला एका वऱ्हाड-नागपूरकडच्या माणसाची आठवण होते. पांडुरंग सदाशिव खानखोजे १८८४ साली वर्ध्याला जन्मले. क्रांतिकार्यासाठी देश सोडला, अमेरिकेत शेतकीचे शिक्षण घेतले, गदर चळवळीत पडले, इंग्रजांनी परतीची वाट बंद केली आणि १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत जाऊन पोहोचले. ज्या मेक्सिकोत परवा मोर्चे निघाले त्याच मेक्सिकोत. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते शिकवू लागले. स्पॅनिश त्यांनी आपलीशी केली. मका आणि गहू यांच्या सुधारित वाणांवर काम केले, आणि ज्यांना विद्यालयाची पायरी चढता येत नाही अशा गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने मेक्सिको शहरातील शिक्षण खात्याच्या इमारतीत भित्तिचित्रे रंगविली. त्यांतील एका चित्रात मेजाभोवती बसून भाकरी वाटून घेणाऱ्या माणसांमध्ये हा वर्ध्याचा माणूस आहे. ते पुढे भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरास वारले.

खानखोजे स्वस्ताई पाहून मेक्सिकोत गेले नव्हते. प्रत्येकाने क्रांतिकारक व्हावे, असेही मी म्हणणार नाही. त्यांच्या आणि आजच्या डॉलरवाल्या भाडेकरूच्या मधले अंतर पराक्रमाचे नाही, ते साधे आहे. खानखोज्यांनी त्या देशाच्या अडचणीत हात घातला. मका कमी पिकतो ही मेक्सिकोच्या शेतकऱ्याची अडचण होती. ती त्यांनी आपली मानली. त्या देशाचे दिवस वाईट आले असते तर ते उठून शेजारच्या स्वस्त देशात गेले नसते.

माझ्या मते कसोटी हीच आहे. एखाद्या गावाच्या स्वस्ताईवर आपला हक्क किती, हे त्याच्या महागाईत भागीदार व्हावयास आपण किती तयार आहो यावर ठरते. भाडे वाढले, पाणी आटले, शाळेला मास्तर मिळेना. त्या दिवशी जो तक्ता उघडून पुढच्या देशाचे नाव शोधतो, तो त्या गावात कधी राहिलाच नव्हता. त्याने तेथे फक्त खरेदी केली. जो ग्रामसभेला जाऊन बसतो, त्याने घर विकत घेतलेले असो वा भाड्याचे, तो तेथला झाला. ही कसोटी लिस्बनला लावा, हनोईला लावा, नेऱ्यालाही लावा. उन्हाळ्यात नेऱ्याच्या इमारतीपुढे पाण्याचा टँकर उभा राहतो तेव्हा 'आमच्या सोसायटीला किती मिळाले?' असे विचारणारे आणि 'गावाच्या विहिरीचे काय झाले?' असे विचारणारे, असे दोन प्रकारचे रहिवासी एकाच जिन्याने उतरतात. त्या दोघांना घर एकाच भावात मिळालेले असते.

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली एक भेद केला होता. काही गोष्टींना किंमत असते, त्यांच्या जागी तितक्याच मोलाची दुसरी गोष्ट ठेवता येते. काहींना प्रतिष्ठा असते, त्यांच्या जागी दुसरे काही ठेवता येत नाही. आपल्या भाषेत हा भेद एका जुन्या शब्दाच्या पोटात आहे. 'महाग' हा शब्द संस्कृत 'महार्घ' यापासून आला. अर्घ म्हणजे मोल. आणि त्याच अर्घावरून आला तो 'अर्घ्य' हा शब्द. देवाला, अतिथीला आदराने द्यावयाचे ते अर्घ्य. वस्तूचा भाव आणि पाहुण्याचा मान आपल्या पूर्वजांनी एकाच धातूतून काढले. यजमान अतिथीला अर्घ्य देतो ते त्याची पत पाहून नव्हे. अतिथीनेही यजमानाचे घर बाजारभावाने मोजावयाचे नसते. जो देश आपल्याला राहू देतो तो आपल्याला काहीतरी अर्घ्य देत असतो, मग त्याने परवान्याची फी कितीही घेतलेली असो.

म्हणून त्या मुलाला मी 'जाऊ नकोस' असे सांगणार नाही. तो हप्त्याच्या ओझ्याखाली वाकला आहे. ते ओझे खरे आहे आणि त्याचे आईबाप ते जाणतात. त्याने जावे. पण तक्त्यात न मावणाऱ्या काही गोष्टी जाण्याआधी मनाशी ठरवाव्यात. त्या देशाची भाषा, भाजीवालीशी भांडण करता येईल इतकी तरी, शिकावी. कराची जी पळवाट कायद्याने उघडी ठेवली असेल तिच्यातून जाताना तेथील सरकारी दवाखाना कोणाच्या पैशावर चालतो, ते एकदा पाहावे. घरमालक शेजारच्या जुन्या भाडेकरूला उठवून ती जागा आपल्याला देऊ करील तेव्हा ती नको म्हणावी, जरी ती स्वस्त असली तरी. आणि आईवडिलांचा रकाना कोणता, याचे उत्तर आकड्यात न देता त्यांच्याजवळ बसून द्यावे. कारण त्याच्याशिवाय घर लहान करून जगणे त्यांना परवडेल की नाही, हा हिशेब त्यांच्या वतीने त्याला मांडता येणार नाही. एवढे करूनही पैसे उरतीलच. ते खुशाल उरवावेत.

तो गेल्यावर नेऱ्यातले त्याचे घर कोणी तरी घेईल. बहुधा असाच कोणी दूरचा तरुण, ज्याला बाणेर परवडत नाही. त्यालाही हाच विचार करावा लागेल, आणि त्याला तर विमानाचे तिकीटही काढावे लागणार नाही.

भाऊबीजेला बहीण ओवाळते, भाऊ तबकात ओवाळणी घालतो. ती निरांजनाच्या तेलाची किंमत नसते. ते दानही नसते. बहिणीला दान कोण देतो? 'मी तुझा कोणी तरी लागतो' एवढे त्या तबकात घातलेले असते. म्हणून घरात अडचण आहे, यंदा ओवाळणी परवडत नाही, असे कोणी भाऊ म्हणत नाही; सव्वा रुपया घालतो, पण घालतो. परक्या गावात राहताना भाडे, कर आणि फी चुकती केल्यावरही असे काहीतरी तबकात घालावयाचे उरतेच. ते किती घालावे याचा दर ठरलेला नाही. ज्याला ते घालणे जड वाटत नाही, त्याला तो देश खऱ्या अर्थाने परवडला असे म्हणावे.